कारखाना बंद पडल्यावर दुरावलेल्या मित्राकडे कसे जावे?

प्रश्न:
आमचा कारखाना बंद होऊन आठ महिने झाले. एकाच खात्यात, शेजारच्याच यंत्रावर ज्याच्याबरोबर मी सोळा वर्षे काढली, तो मित्र आता मला रस्त्यात पाहिले की वाट बदलतो. तिसऱ्या महिन्यात माझ्या शिलकीतून मी त्याला थोडी रक्कम दिली होती. ती मी परत मागितलेली नाही. काम दोघांनाही मिळालेले नाही. पैशांचे मला काही वाटत नाही, पण माणूस तुटला याने झोप लागत नाही. काय करावे?

प्रतिसाद १:
तुमच्या मित्राच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो. कर्जापेक्षाही मला जड जाई तो ‘काही मिळाले का?’ हा प्रश्न, जो भेटणारा प्रत्येक जण आपुलकीनेच विचारी. एके सकाळी माझा जुना सोबती खडखडणारा पंप घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “आवाज तुझ्याच कानाला कळेल.” पेचकसाचे टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून मी बेअरिंगचा दोष शोधला. पैशांचा विषय पुढे महिनाभराने मीच काढला.

प्रतिसाद २:
त्याचे टाळणे कृतघ्नपणा समजू नका. ऑस्ट्रियातील मारिएनथाल येथील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. हाताशी सगळा दिवस मोकळा असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे जवळपास निम्म्यावर आले होते, पुरुष रस्त्याने रेंगाळत चालत आणि बहुतेकांनी घड्याळ बाळगणे सोडले होते. भोंगा आणि पाळी गेली की भेटीची वेळही जाते. म्हणून ‘कधीतरी ये’ म्हणू नका, वार आणि वेळ ठरवा.

प्रतिसाद ३:
एक सांगतो, ‘पैसे विसरून जा’ असे चुकूनही म्हणू नका. त्याने माणूस आणखी खाली मान घालतो. ‘जमेल तसे दे’ म्हणा, म्हणजे फेडण्याचा त्याचा मान त्याच्याकडे राहील.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. थकीत पगाराच्या दाव्यासाठी मला जुन्या पगारपावत्या लागणार आहेत, आणि त्या नीट जपून ठेवणारा आमच्या खात्यात तो एकटाच होता. उद्या सकाळी नऊला त्याच्याकडे जातो.