उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा: छोट्या ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, या चैत्रात आईला घेऊन उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे नर्मदा जिथे उत्तरेकडे वाहते तेवढ्या पट्ट्याची प्रदक्षिणा, करायचं चाललंय. आई ६४ ची, रोज सकाळी तासभर चालते, बीपीची गोळी आहे, उजवा गुडघा जिने उतरताना कुरकुरतो पण सपाटीवर काही त्रास नाही. मी स्वतः फार देवदेव करणारी नाही, पण तिच्या भिशीतल्या बायका गेल्या वर्षी जाऊन आल्या आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

एक ग्रुप मिळालाय, बारा-चौदा जणच नेतात, सोबत लीडर, बडोदा ते बडोदा माणशी ४,८०० म्हणतायत, त्यात गाडी, एक रात्र मुक्काम, जेवण आणि 'मार्गदर्शन'. हे मार्गदर्शन म्हणजे नक्की काय असं फोनवर विचारलं तर "ताई तुम्ही या तर खरं" एवढंच. भाऊ म्हणतो एकवीस किलोमीटरला कसला आलाय लीडर, लोकांच्या मागे चालत सुटायचं. आई म्हणते ग्रुप असला की भजनं होतात. भजनांचं सोडा, मला एवढंच कळायला हवंय की वाटेत तिला नाही जमलं तर काय करायचं, आणि ते होडीचं काय प्रकरण आहे. तारीख शनिवार रात्रीची दिलीय. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

पायपीट_नाशिक

ताई, आधी शनिवार काढून टाका डोक्यातून, बाकीचं नंतर बघू. चैत्रात शनिवार-रविवारी तिकडे जी गर्दी असते ती बघूनच माणूस अर्धा दमतो, आणि त्यातला निम्मा दम होडीच्या रांगेत जातो.

मार्ग सांगतो म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, राजपिपळ्याच्या बाजूला, पश्चिमेला निघालेली नर्मदा थोडं अंतर उत्तरेकडे वळते, तेवढ्याच पट्ट्याला प्रदक्षिणा घालायची. दक्षिण तटावर रामपुऱ्याला स्नान, संकल्प, लहानशा कुपीत पाणी भरून घ्यायचं आणि मैया उजव्या हाताला ठेवून चालू पडायचं. मांगरोल, गुवार करत शहेरावच्या घाटापर्यंत यायचं, तिथून पलीकडे तिलकवाडा. मग उत्तर तटाने उलटं वर रेंगणपर्यंत आणि तिथून परत पाण्यावरून रामपुऱ्याला. म्हणजे पाणी दोनदा ओलांडायचं. काही वर्षी तात्पुरता पूल टाकतात, नाहीतर होड्या.

वाट चुकायचा प्रश्नच नाही. भावाचं तेवढं बरोबर आहे. कुठे केळीच्या बागांमधून गाडीवाट, कुठे गावातला डांबरी रस्ता, सगळीकडे माणसं. पोरं लांबूनच "नर्मदे हर" ओरडतात, आपणही "नर्मदे हर" म्हणायचं, मग ती चॉकलेट मागतात, खिशात ठेवा. गावातले लोक दाराशी टेबल मांडून ताक, सरबत, चहा, खिचडी देतात, पैसे घेत नाहीत. एका घराबाहेर एक आजी स्टीलच्या कळशीतून ताक ओतत बसल्या होत्या आणि प्रत्येकाला ग्लास रिकामा होईपर्यंत उठू देत नव्हत्या, मी नको नको म्हणता दोन प्यायलो. तेव्हा वाट दाखवायला आणि खाऊ घालायला म्हणून कुणी ४,८०० घेत असेल तर ते फुकटचं विकणं झालं.

गाडी, मुक्काम आणि पहाटे अडीचला उठवून घाटावर नेणं, याचे पैसे असतील तर वाजवी म्हणेन. रिक्षा-जीप शोधणं त्या वेळेला खरंच जिवावर येतं.

रेवातीर

वरच्या माहितीत एक भर घालतो, कारण यावरून दरवर्षी वाद होतात. नर्मदा ओलांडायची नाही हा नियम पूर्ण परिक्रमेचा. तिथे फक्त समुद्राच्या तोंडाशी, खंभातच्या आखातातून होडीने मिठी तलाईला उतरतात, एरवी पाणी ओलांडलं की परिक्रमा खंडित. उत्तरवाहिनीत दोनदा पलीकडे जायचंच आहे, हिला पंचक्रोशी परिक्रमाही म्हणतात. "मग ही खरी परिक्रमाच नाही" असं कुणी आईंना ऐकवलं तर मनावर घेऊ नका. चैत्रात ही केली की पूर्ण परिक्रमेचं फळ, अशी श्रद्धा आहे. मी मोठी पायी केलीय आणि हीसुद्धा केलीय, मला दोन्हीत कमी-जास्त करावंसं वाटत नाही, पण दोन्ही एकसारख्या आहेत असंही म्हणणार नाही. नदीची लांबीच १३१२ किमी, दोन्ही तट धरले तर किती झाले बघा, शास्त्राप्रमाणे तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस. एका सकाळची तिच्याशी तुलना कशाला करायची.

चैत्र म्हणजे आपला, पाडव्यापासून अमावास्येपर्यंत. गुजरातेतही तसंच धरतात. उत्तरेकडची पंचांगं पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवणारी, त्यावरून तारीख काढली तर पंधरा दिवसांची गडबड होते. रामनवमी आणि हनुमान जयंतीच्या आजूबाजूचे दिवस टाळा. पाडव्यानंतरचा पहिला आठवडा त्यातल्या त्यात सोसवतो, पुढे ऊन चाळिशीला जातं.

ग्रुपबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बारा-चौदा जणांचा ग्रुप चांगला, पन्नासच्या बसपेक्षा कितीतरी बरा. पण चालताना प्रत्येकाने आपल्या गतीने आणि शक्यतो गप्प चालावं. नामस्मरण होतं, नदी दिसते. लाउडस्पीकर घेऊन चालणारे ग्रुप बघितले की मला तिथूनच परत फिरावंसं वाटतं.

सांगलीकर_पुणे

लीडर नको असं सरसकट म्हणू नका हो. आम्ही असंच एका छोट्या ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव नको, आणि आमचा लीडर सगळ्यात पुढे! हातात झेंडा, झपझप, तासाभरात दिसेनासा. मागे माझे सासरे आणि अजून एक काकू, दोघांना पायात गोळे आले, फोन लावतोय तर साहेब पलीकडच्या तटावर नाश्ता करतायत. शेवटी गावातल्या एका मुलाने बाइकवरून दोघांना एकेक करून घाटापर्यंत सोडलं, पेट्रोलचे पैसे देऊ केले तर हात जोडून नाही म्हणाला. सासऱ्यांना वाईट वाटलं ते पायांपेक्षा, परिक्रमा अर्धवट राहिली म्हणून.

तेव्हापासून मी कुणी विचारलं की एकच सांगतो, लीडरला विचारा शेवटी कोण चालणार. पुढे कोण चालतो त्याने फरक पडत नाही, वाट सगळ्यांना दिसते. सगळ्यात हळू माणसाच्या मागे त्यांचा एक माणूस असेल, त्याच्याकडे ओआरएस, क्रेप बँडेज आणि गाडीवाल्याचा नंबर असेल, आणि गाडी दोन्ही तटांवर कुठे कुठे येऊ शकते हे त्याला तोंडपाठ असेल, तर पैसे द्या खुशाल. आणि हे विचारल्यावर "ताई तुम्ही या तर खरं" हेच उत्तर आलं तर समजून जा.

बडोदेकर

आमच्या इथून जवळच, त्यामुळे पाहुणे आले की दर चैत्रात एक फेरी होतेच. गायकवाडांच्या राज्यातला मराठी माणूस, तेव्हा जरा हक्काने लिहितो.

होडीचं प्रकरण असं आहे. वर सरदार सरोवर धरण आहे, त्यांनी पाणी सोडलं की खाली पातळी वाढते, आणि मग होड्या बंद. किती वेळ बंद ते कुणी सांगू शकत नाही, लीडर पण नाही, कलेक्टरच्या माणसांनी सांगितलं की चालू. तेव्हा ज्या ग्रुपचं टाइमटेबल "११ वाजता परिक्रमा समाप्त, १२ वाजता जेवण, ४ ची ट्रेन" असं गच्च बसवलेलं असेल तिथे आईंना नेऊ नका, पाणी वाढलं की सगळे एकमेकांवर चिडतात, मी बघितलंय. परतीची गाडी रात्रीची किंवा दुसऱ्या दिवशीची घ्या. होडीत लाइफ जॅकेट देतात, ते घातल्याशिवाय बसायचं नाही, आईंना फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून काढू देऊ नका, आमच्या मावशीने काढलं होतं 😄

गुडघ्याचं म्हणाल तर चाल सपाटच आहे, त्रास होतो घाटावर उतरताना-चढताना, आणि पाण्याजवळच्या गोट्यांवर. काठी घरून आणा. नवे बूट नकोत, वापरलेले हवेत, आणि मोज्यांचा एक कोरडा जोड जास्तीचा ठेवा कारण स्नानानंतर ओले पाय बुटात घातले की चार किलोमीटरात फोड. पहाटे तीनच्या आसपास निघालात तर ऊन तापायच्या आत तिलकवाडा मागे पडतं. तेव्हा हेडटॉर्च लागेल, मोबाइलच्या टॉर्चने बॅटरी जाते आणि एक हात अडकतो. बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, कारण त्या दिवशी झोप, जेवण सगळंच पुढेमागे होतं.

आणि ग्रुप नकोच म्हणत असाल तर मुंबईकरांसाठी सोपं आहे, दादर-एकता नगर गाडी रात्री उशिरा सुटते, सकाळी उतरवते. त्याच दिवशी चालायला जाऊ नका. गरुडेश्वरला जा, टेंबे स्वामींची (वासुदेवानंद सरस्वती, दत्तसंप्रदायातले संन्यासी) समाधी तिथे आहे, १९१४ मध्ये तिथेच देह ठेवला त्यांनी. आपल्या सिंधुदुर्गातल्या माणगावचे ते, त्यामुळे तिथे मराठी कानावर पडतंच. दुपारी झोप काढा, संध्याकाळी लवकर जेवा, आणि जीपवाला आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, तोच पहाटे रामपुऱ्याला सोडेल आणि फोन केला की वाटेत घ्यायलाही येईल. दोघींना तसं ग्रुपपेक्षा स्वस्त पडेल की नाही ते सांगता येत नाही, जीप एकट्या-दुकट्याला महागच, पण चार जणी असाल तर नक्की.

ठाणेकरीण

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. त्या ग्रुपवाल्यांना आज परत फोन केला आणि शेवटी कोण चालतो ते विचारलं. थोडा वेळ शांतता, मग म्हणाले "तसं आमचे सगळे एकत्रच असतात." बरं. वीकडे बॅच आहे का विचारलं तर दहा जण जमवलेत तर काढू म्हणाले. आई आता भिशीत विचारणार आहे, तिच्या दोन मैत्रिणी तयार आहेत म्हणे, म्हणजे आम्ही चार होऊ.

@बडोदेकर दादा, चौघींनी जीप करून गेलो तर वाटेत आईला नाही जमलं आणि ती जीपमध्ये बसली, तर तिची परिक्रमा झाली असं धरतात का? तिला हाच प्रश्न पडलाय, मी काही उत्तर देऊ शकत नाही.

रेवातीर

दादांऐवजी मीच सांगतो. संकल्प करतानाच मनात म्हणायचं, जमेल तितकं पायी, नाही जमलं तर वाहनाने. पूर्ण परिक्रमासुद्धा लोक बसने, गाडीने करतातच की. अट एवढीच, जीपमध्येही मैया उजव्या हातालाच राहिली पाहिजे आणि दोन ठिकाणं सोडून मध्ये कुठल्या पुलावरून पलीकडे जायचं नाही. जीपवाल्याला हे आधी नीट समजावा, नाहीतर तो जवळचा रस्ता म्हणून सरळ पुलावरून काढेल. तिलकवाड्यापर्यंत चालून झालं असेल तर पुढे रेंगणपर्यंत उत्तर तटाच्याच रस्त्याने नेऊन सोडायला सांगा, तिथून होडी सगळ्यांबरोबर. तिलकवाड्याला वासुदेव कुटीर आश्रमात थोडं टेकायला मिळतं, चालायचं की बसायचं ते तिथे बसून ठरवा.

बडोदेकर

+१. आणि जीप दोन लागतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, एकच पुरते, ती शहेरावला सोडून लांबच्या पुलावरून फिरून पलीकडे तिलकवाड्याला येते, त्यात तुम्ही कुणी बसलेलं नसायचं एवढंच. तारीख पक्की झाली की इथे टाका, तेव्हा होड्या आहेत की पूल टाकलाय ते विचारून सांगतो.