जि. प. शाळा की इंग्रजी माध्यम? लेकीच्या पहिलीसाठी सल्ला हवा (कोरेगाव तालुका, सातारा)

वसनाकाठ

नमस्कार. दोन वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांची होईल, म्हणजे ३१ डिसेंबरच्या नियमाने या जूनला पहिलीत बसते. सध्या अंगणवाडीत जाते. आमचं गाव लहान. मी पतसंस्थेत, नवरा साताऱ्यात एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. घरी सासूबाई असतात.

गावात जि. प. ची शाळा आहे, पहिली ते चौथी. पट ३७, एक गुरुजी, एक बाई. घरातून निघालं की पाच मिनिटांत शाळा. दुसरी इंग्रजी माध्यमाची, ११ किलोमीटरवर. फी ३२ हजार, बसचे १३ हजार, गणवेश आणि पुस्तकं शाळेतूनच घ्यायची, ते पैसे वेगळे. बस सकाळी सव्वासातला येते. प्रवेशाआधी मुलीची "छोटीशी मुलाखत" घेणार म्हणाले.

जावेची दोन्ही मुलं त्याच इंग्रजी शाळेत आहेत, त्यामुळे घरात विषय जरा नाजूक आहे. नवरा म्हणतो, आपण दोघं जि. प. त शिकलो आणि आजही साहेबाशी इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, तिचं तसं नको. मला ते पटतं. पण घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, अभ्यास घ्यायला मीच, तीही संध्याकाळी सातनंतर.

पैशाची ओढाताण होईल, पण जमवू. प्रश्न पैशाचा असता तर धागा काढला नसता.

घाटावरचा

इंग्रजी माध्यम. डोळे झाकून.

मी दहावीपर्यंत मराठीत, ८९ टक्के. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात काय चाललंय तेच कळेना. गणित येत होतं, पण गणित काय विचारलंय ते वाक्य कळत नव्हतं. दोन विषय राहिले. नंतर सावरलो, पण ते एक वर्ष शत्रूवरही येऊ नये. माझ्या मुलाला त्यातून जावं लागू नये म्हणून सीबीएसईला घातलाय, पस्तावा नाही.

गवतीचहा

आम्हीही डोळे झाकूनच घातलं होतं :)

मुलगा तिसरीत असताना पाहुण्यांसमोर "माय मदर" निबंध घडाघडा म्हणाला. त्यात "माय मदर इज अ टीचर". मी शिवणकाम करते. पाहुणे गेल्यावर विचारलं, अरे मी टीचर कधी झाले? तर म्हणतो, मॅडमनी असंच लिहून दिलंय, बदललं की मार्क जातात. टीचर म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक होतं. पण ते वाक्य आपल्या आईबद्दल आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं.

शाळेच्या फीवर शिकवणीचे महिन्याला ७०० वेगळे, कारण घरी कुणाला घेता येत नव्हतं. आणि मराठी? दुकानाची पाटी वाचायला जोडाक्षराशी अडायचा. पाचवीत सेमीला टाकला, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. पहिले सहा महिने रडारड, आता सातवीत बरा आहे. शाळा वाईट होती असं म्हणणार नाही. त्याच वर्गातली डॉक्टरांची मुलगी छान बोलायची. तिच्या घरी ते बोललं जायचं.

ठाणेकरीण

मुलाखतीबद्दल आधी. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३: प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही, कॅपिटेशन फीही घेता येत नाही. "छोटीशी" असली तरी नाही. भांडायला जा असं सांगत नाही, पण एवढं माहीत ठेवून समोर बसा.

दुसरं, शाळेचा यू-डायस क्रमांक मागा. ११ अंकी असतो. त्यावरून मान्यता आहे का, कुठल्या वर्गापर्यंत आहे, शिक्षक किती, हे सरकारी संकेतस्थळावर दिसतं. मान्यता चौथीपर्यंत आणि वर्ग सातवीपर्यंत, असले प्रकार निघतात. मग दाखल्याच्या वेळी पालक गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात.

अवांतर: मुंबईत महापालिकेने 'मुंबई पब्लिक स्कूल' नावाने सीबीएसई, आयसीएसईचे वर्ग काढले, तर तिथे अर्जांची झुंबड. त्याच महापालिकेच्या मराठी शाळा मात्र ओस पडत चालल्या आहेत. पालक सरकारी शाळेला नाही म्हणत नाहीत, मराठीला म्हणतात, असं माझं मत होत चाललंय.

वसनाकाठ

@ठाणेकरीण, धन्यवाद, हे काहीच माहीत नव्हतं. याच कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा मोफत राखीव असतात ना, त्यांत आमचा नंबर लागेल का? आम्ही ओबीसी, पण उत्पन्न एक लाखाच्या वर आहे.

ठाणेकरीण

एक लाखाची अट आर्थिक दुर्बल घटकाला आहे. आपल्याकडे ओबीसी वंचित गटात धरतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. पण सोडतीत आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतले, मग तीनपर्यंतचे. ११ किलोमीटरवरून आशा धरू नका. आणि लागलाच, तरी ही सवलत आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी.

(२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जुन्या बातम्या वाचून गोंधळू नका.)

हातचा_एक

मी जि. प. शिक्षक. १७ वर्षं झाली, त्यातली नऊ द्विशिक्षकी शाळेत. म्हणजे तुमच्या गावच्या शाळेसारख्याच शाळेत. त्यामुळे आधी वाईट सांगतो.

दोन शिक्षक म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. कायद्याने ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे ३७ पटावर तिसरा मिळणार नाही. एक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. अशा दिवशी मी काय करायचो? चौथीच्या मुलांना पहिलीला शिकवायला बसवायचो. कधी ते फार सुंदर व्हायचं, कधी नुसता कलकलाट. शिवाय ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, तांदूळ, सर्वेक्षणं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट बदली. बाई चांगल्या आहेत म्हणून घातलं आणि पुढच्या वर्षी बाई माण तालुक्यात, असं होतं. खाजगी शाळेतही शिक्षक सोडून जातात, पगार इतके कमी की दिवाळीनंतर वर्गावर नवा चेहरा. पण त्याची यादी लागत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

तुमच्या मिस्टरांना एक सांगा. त्यांच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. बऱ्याच जि. प. शाळांत सेमीही आहे, तुमच्याकडे आहे का विचारा. "आम्ही जि. प. त शिकलो" म्हणताना जी शाळा डोळ्यांसमोर येते, ती आता तशी नाही. चांगली झाली असं म्हणत नाही. वेगळी आहे, आणि गावागणिक वेगळी आहे. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जि. प. शाळेची चर्चा सगळ्यांनी ऐकली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले. ती उदाहरणं खरी आहेत, पण तुमची मुलगी परितेवाडीत शिकणार नाहीये.

म्हणून स्वतः जाऊन बघा. शाळा भरलेली असताना, न सांगता. तिसरी-चौथीतली चार-पाच मुलं बोलावून दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत हेच करतात. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, काय होतं रे त्यात? मग हातच्याची एक वजाबाकी. नंतर वह्या बघा. सगळ्या पोरांच्या वहीत एकसारखं, एकही चूक नसलेलं लिखाण असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. चुका असतील आणि त्या तपासलेल्या असतील, तर तिथे कुणीतरी शिकवतंय.

इंग्रजी शाळेत असं आत जाऊ देणार नाहीत. गरजही नाही. जावेची मुलं घरातच आहेत की.

झणझणीत_तर्री

सर, राग मानू नका, पण तुमची स्वतःची मुलं कुठे?

हातचा_एक

वाटच बघत होतो :) थोरला दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमात, तालुक्याच्या गावी. तेव्हा बायकोपुढे माझं चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. धाकटी माझ्याच शाळेत होती, आता आठवीत सेमीला. थोरल्याचं इंग्रजी जास्त चांगलं. धाकटी वर्तमानपत्र वाचते, तो वाचत नाही. यातलं शाळेमुळे किती आणि स्वभावामुळे किती, मला सांगता येत नाही.

मसूरकर

सगळे दोनच पर्याय धरून बसलेत. पाचवीनंतर काय, ते कुणी विचारलंच नाही.

जि. प. चौथीला संपते. पुढे मूल जाणार अनुदानित हायस्कूलला. मालकी संस्थेची, पगार सरकारचा, फी नावापुरती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या घरांचं शिक्षण अशाच शाळांत झालंय. ती सरकारी की खाजगी, असं आजोबांना विचारलं असतं तर हसले असते. तेव्हा तुमच्या गावची मुलं पाचवीला कुठल्या हायस्कूलला जातात आणि तिथे कशी टिकतात, ते बघा. तिथल्या पाचवीच्या वर्गशिक्षकांना विचारा, अमक्या गावची पोरं कशी येतात? ते एका वाक्यात सांगतील. त्यांना सगळ्या गावांची कुंडली पाठ असते.

शिवाय पाचवीत असताना नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा आहेच. ती मराठीतून देता येते, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात.

घाटावरचा

सगळं मान्य, पण एक मुद्दा सुटतोय. ११ वर्षांनी त्या मुलीला कुणी विचारणार नाही की तुझ्या बाई प्रेमळ होत्या का.

गवतीचहा

@घाटावरचा, इंजिनिअरिंगच्या आधी पहिली असते हो. सव्वासातची बस म्हणजे सहा वर्षांचं लेकरू सहाला उठवायचं. थंडीत एकदा उठवून बघा.

वसनाकाठ

उशिरा लिहिते आहे. मार्चअखेर होती, पतसंस्थेत मान वर करायला वेळ नव्हता. मात्र गेल्या शनिवारी सकाळी जि. प. शाळेत जाऊन आले, सर म्हणाले तसं न सांगता.

गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. म्हणजे नेमका वाईट दिवस वाट्याला आला. बाई एकट्या, चारही वर्ग व्हरांड्यात. मला वाटलं त्या नको म्हणतील, पण त्यांनीच पुस्तक हातात दिलं. पाच मुलांपैकी तिघं न अडखळता वाचली. एकजण अक्षर अक्षर लावत वाचत होता, पण गोष्ट अशी रंगवून सांगितली की बाकीची पोरं हसायला लागली. वजाबाकी दोघांचीच बरोबर आली. बाईंनी लपवलं नाही, म्हणाल्या, गणित कच्चं आहे, गुरुजी असते तर तिसरीचं पुढे गेलं असतं. सेमी नाही. वह्यांत चुका होत्या, लाल शाईही होती. छत एका कोपऱ्यात गळतं, तिथे बादली ठेवायची खूण पडली आहे.

रात्री पुतण्याला घेऊन बसले. तोही तिसरीत. इंग्रजी धडा टकाटका वाचला, मला हेवा वाटला. अर्थ विचारला तर दोन ओळी सांगितल्या आणि म्हणाला, "हे अजून मॅडमनी सांगितलं नाही." गणित मात्र त्याचं पक्कं आहे, पाचही वजाबाक्या बरोबर. म्हणजे निकाल एका बाजूने लागला असं मला म्हणता येत नाही. जाऊबाई मागे उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, शिकवणी लावावी लागणार बहुतेक.

@मसूरकर, हायस्कूलच्या सरांना विचारलं. म्हणाले, "तुमच्या गावची पोरं बोलायला धीट, गणिताला घाबरट." बाई म्हणाल्या तेच.

आमचं ठरत आलंय ते असं. चौथीपर्यंत जि. प. रोज संध्याकाळी गणित मी घेणार, हिशोब तर दिवसभर करतेच. नवऱ्याची अट आहे की रोज थोडा वेळ इंग्रजी ऐकवायचं, तो स्वतःही बसणार आहे म्हणे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक ७५ टक्के आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, हे बाईंकडून कळलं. "नाव देता का?" म्हणून त्यांनी लगेच विचारलं. आमच्याकडे बायकांची नावं असतात आणि सह्या नवरे करतात. मी म्हटलं, देते, पण सही माझी मी करणार. पहिल्या बैठकीत छताचं काढायचं आहे.

बाईंची बदली यंदा होते का, ते अजून कळायचंय. तोवर इंग्रजी शाळेचा फॉर्म आणून कपाटात ठेवलाय. भरलेला नाही.