मासळीच्या धंद्यात खरं बोलून टिकायचं कसं? मदत हवी आहे

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मालवणात मी दुसऱ्याच्या मासळीच्या स्टॉलवर बसते. सुरमई बर्फातली असली तरी मालक म्हणतो, "आजचीच सांग." कल्ला उचलला की तपकिरी, डोळा आत गेलेला; पण पर्यटक कल्ला बघतात कुठे!

खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, असं आपण बायबलात नीतिसूत्रे 11:1 मध्ये वाचतो. आमचा काटा चोख आहे, पण तोंडचा शब्द? 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा आत्ता काम सोडणं परवडत नाही. पाळकसाहेब म्हणतात प्रार्थना कर. करतेच, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना बोलायचं काय?

धंद्यातल्या विश्वासी बहीणभावांनो, मालकाकडे हा विषय कसा काढलात? "बर्फातली आहे, दर कमी लावते" असं सांगून विकणारं कुणी आहे का?