मदत हवी: ऑपरेशन नीट झालंय म्हणतात, तरी पोरीचं दुखणं थांबेना

खानापूरची_आई: नमस्कार, लवकर सांगा कुणीतरी. मुलीचं ऑपरेशन झालंय, एक्स-रे चांगला आहे, जखम भरलीय, तरी दुखायलंय म्हणून रात्रभर झोपत नाही. परवा दाखवायला नेलं तर तिच्यासमोरच म्हणाले हे मनाचं आहे, मानसोपचारवाल्यांना दाखवा. तेव्हापासून पोरगी गप्प, "मी नाटक करायलेय काय" एवढंच म्हणाली. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष आहे. बेळगावात चांगला डॉक्टर कोण?

निपाणीकर: कसलं ऑपरेशन? कधी झालं? काहीच लिहिलं नाही तर काय सांगायचं वो?

तिसरं_गेट: आमच्या आत्तीला गुडघ्यानंतर असंच व्हायचं, चंदगडकडचं एक तेल चोळलं, महिन्यात चालायला लागली. पत्ता हवा तर सांगा.

खानापूरची_आई: पाठीचं. कणा वाकडा होता, रॉड-स्क्रू घातलेत. गणपतीच्या आधी झालं, आता संक्रांतही झाली.

फिजिओ_शहापूर: तेल नको, पाठीत रॉड आहेत. आधी सांगा, ताप, जखमेतून पाणी, पायात मुंग्या किंवा ताकद कमी, लघवीवर ताबा नाही, यातलं काही आहे का? असेल तर थेट सर्जनकडे, इथं विचारत बसू नका.

खानापूरची_आई: नाही, यातलं काहीच नाही.

निपाणीकर: मनाचं म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले. सरळ मिरजेला न्या, एमआरआय काढा.

फिजिओ_शहापूर: दुसरं मत घ्या की, पण फोटोवर फोटो काढून दुखणं जात नाही. ऑपरेशननंतर ३ महिन्यांच्या पुढं दुखत राहिलं तर त्याला वेगळा आजार धरतात. २०१७ मध्ये मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला, मोठ्या ऑपरेशननंतर वर्षानं साधारण ५ पैकी एका मुलाला दुखतच होतं. ज्यांना आधीपासून जास्त दुखायचं, ज्यांना काळजी जास्त, ज्यांचे आईबाप दुखण्याला फार घाबरायचे, त्यांच्यात जास्त. याचा अर्थ ती खोटं बोलतेय असा नाही हो ताई. भीती, जागरण आणि सतत तिकडंच लक्ष, यानं मेंदू दुखण्याचा आवाज मोठा करतो. दुखतं ते खरंच दुखतं.

खानापूरची_आई: मग मी काळजी पण करू नको काय? ती वाकायलाच भितीये, स्क्रू सुटेल म्हणते. मलाही तसंच वाटतंय, म्हणून दप्तर सुद्धा उचलू देत नाही.

सीमावासी_८६५: २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यात तुमचं गाव बसतं का बघा. कर्नाटकानं किती विरोध केला तेव्हा!

निपाणीकर: अहो ऑपरेशन होऊन गेलंय, योजना कशाला काढताय मध्येच.

फिजिओ_शहापूर: काळजी करा, पण दर तासाला "दुखतंय का" विचारू नका. "आज काय केलंस" विचारा. काय करायला परवानगी आहे ते सर्जनकडून तिच्यासमोर वदवून घ्या, कागदावर लिहून घ्या, तिची भीती तिथंच अर्धी होईल. चालणं घड्याळ लावून, कमी दुखलं म्हणून लांब नाही आणि जास्त दुखलं म्हणून बंद नाही, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. झोपेची वेळ एकच ठेवा. आणि कौन्सेलर हवाच, फिजिओच्या जोडीनं. धारवाडला डिमहान्स म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, नाहीतर १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

तिसरं_गेट: मानसोपचारवाल्यांकडं नेलं की गावात नाव होतंय पोरीचं, लग्नाचं बघायला लागतंय पुढं.

फिजिओ_शहापूर: पोरगी १५ वर्षाची आहे, रात्रभर जागायलीय. लग्न कुठनं आलं?

खानापूरची_आई: गावाचं मी बघून घेईन. पण तिला काय सांगून नेऊ? "मनाचं" हा शब्द काढला की ती उठून जाते.

फिजिओ_शहापूर: तो शब्द काढूच नका. "तुझं दुखणं खरं आहे, ते कमी कसं करायचं हे शिकवणारी माणसं आहेत" एवढंच सांगा. पहिल्यांदा तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

खानापूरची_आई: बरं. सोमवारी सर्जनना फोन लावते, स्पीकरवर. दप्तराचं मी विचारते, खो-खोचं तीच विचारणार म्हणायलीय.

सीमावासी_८६५: ताई, खानापूर तालुक्यातलं गाव कुठलं? यादी बघून सांगतो.