खोटी एंट्री नाकारताना ख्रिस्ताचं नाव घ्यावं का?

वसईकर:
मी वसईचा, कॅथलिक. एका कारखान्याच्या खरेदी विभागात सतरा वर्षं आहे. २०२४ साली ईस्टर आणि मार्च एंड एकाच दिवशी आले, ३१ मार्चला. २९ तारखेला, गुड फ्रायडे असूनही, साहेबांनी कामावर बोलावलं. गेटवर न आलेल्या मालाची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करून टाक म्हणाले. माल एप्रिलमध्ये येणारच आहे, फक्त तारीख मागची घालायची. मी म्हणालो, "साहेब, मी ख्रिस्ती आहे, माझ्याकडून हे होणार नाही." ती एंट्री मग शेजारच्या सहकाऱ्यानं केली. तेव्हापासून तो माझ्याबरोबर जेवायला बसत नाही.

तरी माझं मत ठाम आहे, कारण सांगायलाच हवं. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करीन हे उभं राहून, उघड सांगितलं. रविवारी मिस्सेत मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं आणि सोमवारी कामावर तोंड मिटायचं, हे मला जमत नाही.

नगरची लेक:
दादा, नकार योग्यच होता. वाक्य मात्र चुकलं. त्या सहकाऱ्याला काय ऐकू आलं असेल? ख्रिस्ती माणूस खोटं करत नाही, बाकीचे करतात!

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, आमच्या चर्चच्या मंडळीचे पंचही. तिकीट न फाडता अर्धे पैसे खिशात टाकणं त्यांनी आयुष्यात केलं नाही, आणि का करत नाही हेही कुणाला सांगितलं नाही. त्याच डेपोत एक माळकरी कंडक्टर होते, तितकेच सरळ. दोघांनी एकमेकांना कारण विचारलं नाही, पण हिशेबाला बसताना शेजारी बसायचे. दार लावून प्रार्थना कर, असं प्रभूनंच सांगितलंय ना?

मिरजेची सिस्टर:
ताई, तुमचं अर्धंच पटतं. कुणासमोर बोलतोय त्यावर सगळं आहे. साहेबापुढे दादा खालचे होते, तिथे नाव घ्यायला छाती लागते. मी नर्स आहे, रुग्णापुढे मी वरची. रात्रपाळीत सलाईन लावताना मी मनात प्रार्थना करते. मोठ्यानं करायची तर रुग्णानं आपणहून मागितल्यावरच. तापानं फणफणलेला माणूस मला 'नको' कसं म्हणेल? सकाळचं इंजेक्शन माझ्याच हातून घ्यायचं असतं त्याला. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, तिथे मोतीबिंदू काढून घ्यायला लांबलांबून माणसं यायची. ती आली डॉक्टरांच्या हाताच्या भरवशावर. मलाही आधी तो हातच कमवायचाय.

पुणेकर, हिशेबनीस:
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. माल आलाच नाही तर जीआरएन खोटी. ऑडिटर धरेल, एवढं म्हणून नाकारता येतं. आज तुम्ही धर्माचं नाव घेऊन चांगलं काम केलंत. उद्या दुसरा कुणी धर्माचंच नाव घेऊन एखाद्या बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणाला, तर त्याला कुठल्या तोंडानं अडवणार? कामाच्या जागी सगळ्यांना लागू असलेला नियमच पुढे करावा.

वसईकर:
पुणेकर, नियम मलाही पाठ आहे, साहेबांनाही. "आपण काय चोरी करतोय का, दोन दिवसांचा तर प्रश्न," हे वाक्य त्यांच्या तोंडी तयार होतं. माझे पाय लटपटत होते. त्या क्षणी नियम आठवून मी उभा राहिलो नसतो, क्रूस आठवला म्हणून राहिलो. जे खरं होतं तेच तोंडातून आलं. ते लपवलं असतं तर तेही एक खोटंच झालं असतं.

नगरची लेक:
हे पोचलं. पण मी सहकाऱ्याबद्दल विचारलं होतं, दादा. त्याच्याशी एकदा तरी बोललात का?

वसईकर:
नाही बोललो. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, हे मला माहीत होतं. मी नाही म्हणालो तर ते काम त्याच्याच गळ्यात पडणार, हेही. पण मला तीनच्या विधीला चर्चमध्ये पोचायचं होतं. दोन वाजता बॅग उचलली आणि निघालो. तो एकटाच कॉम्प्युटरसमोर बसलेला होता.