मडगावात सही मागणारा प्रत्येक जण विकासाचा वैरी?

सासष्टीकर

मडगावच्या जिल्हा इस्पितळाला पीपीपीवर, म्हणजे सरकार-खासगी भागीदारीत, वैद्यकीय कॉलेज जोडायचा घाट आहे, त्याविरुद्ध आम्ही सह्या घेतोय. काल त्यावर एका महाशयांनी लिहिलं, "जिल्हा इस्पितळ वाचवा म्हणून कागद घेऊन फिरणारे सगळे रिकामटेकडे. स्वतःला शिंक आली तरी खासगीत पळतात आणि गरिबांच्या नावाने विकासाला आडवे पडतात." तिथेच चार ओळी खरडणार होतो, पण राग आवरेना. म्हणून वेगळा धागा.

तर तो रिकामटेकडा मी. वय 63, डायबेटिस 14 वर्षांचा, गोळ्या सरकारी ओपीडीतल्याच. खासगीत एकदाच गेलो, दाढ काढायला. गेले पाच शनिवार मार्केटच्या तोंडाशी उभा आहे, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात छत्री. पहिल्याच शनिवारी पेन गेलं, आता ते सुतळीने बांधलंय.

कॉलेज नको असं कोण म्हणतो? मडगावच्या इस्पितळाला वैद्यकीय कॉलेज जोडा, हारतुरे घेऊन येतो. पण ते पीपीपीवर नको. नीती आयोगाने 2020 मध्ये जिल्हा इस्पितळं खासगी कॉलेजांना जोडायचा नमुना करार काढला, तो वाचा. खाटा किमान 750, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास 'मार्केट बेड', म्हणजे बाजारभावाने. मुदत 60 वर्षं. माझा नातू चौथीत आहे, करार संपेल तेव्हा तो पेन्शन खात असेल. इमारत आपल्या पैशांची, जमीन आपली, आणि आत शिरल्यावर आपण कुठल्या खाटेचे ते काऊंटरवरचा पोरगा ठरवणार.

कुडचडेतून

ते महाशय मीच. 'शिंक' हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही.

आमच्या बाबांना रात्री साडेअकराला अर्धांगाचा झटका आला. एका सरकारी इस्पितळात नेलं. कुठलं ते सांगत नाही, आणि अंदाज बांधू नका, ते मडगाव नव्हे. ड्यूटीवर होती ती पोरगी भली होती, पण न्यूरोचा डॉक्टर नाही. रेफर. तिथून पुढे परत रेफर. झटक्यात पहिले चार-साडेचार तास महत्त्वाचे, हे मला नंतर कळलं. बाबा वाचले, उजवा हात गेला. तबला वाजवायचे हो ते, सात गावांच्या भजनात.

आता मला सांगा, त्या रात्री खाट मार्केटची की सरकारी हे मी विचारलं असतं? मला डॉक्टर हवा होता. कॉलेज आलं की प्रोफेसर येतात, रात्रीचे रेसिडेंट येतात. सरकार भरती करील म्हणून थांबलो तर तुमच्या नातवाचीही पेन्शन होईल. आणि 108 काय आहे? 2008 पासून पीपीपीवरच धावते ना? तिच्याविरुद्ध कागद घेऊन कोणी फिरलं नाही. शिवाय सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्याला चार लाख. एवढं रडायचं कारण काय?

आणि नीती आयोगाचा कागद गोव्यात जसाच्या तसा येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सासष्टीकर

बाबांचं वाचून वाईट वाटलं. खरंच.

जसाच्या तसा येणार नाही म्हणता, मग कसा येणार तो मसुदा छापा ना! मराठीत, कोंकणीत, ग्रामसभेत वाचा. मी त्याच दिवशी सुतळी सोडतो. बंद पाकिटावर कोणी सही मागितली तर तुम्ही द्याल? तुम्ही दुकानदार ना?

निवृत्त सिस्टर

31 वर्षं वॉर्डात काढली, म्हणून दोन शब्द.

108 ची तुलना करू नका. गाडी कंपनी चालवते, पैसे सरकार देतं, रुग्णाला बिल नाही. 108 मध्ये 'मार्केट स्ट्रेचर' कुठे असतं? कार्डाचं म्हणाल तर ते यादीतल्या उपचारांसाठी. सासष्टीकरांच्या रोजच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत, आणि गोव्यात रांगा असतात त्या गोळ्यांच्याच.

पण कुडचडेवाले भाऊ डॉक्टरबद्दल बोलतात ते खरं आहे. जागा रिकाम्या, कंत्राटी पोरी अकरा-अकरा महिन्यांवर. नवीन मुलगी हाताखाली तयार होईपर्यंत तिचं कंत्राट संपतं. त्यात मंत्र्यांच्या, आमदारांच्या चिठ्ठ्या. 2025 च्या जूनमध्ये बांबोळीत, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं: आरोग्यमंत्री कॅमेऱ्यांसमोर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला झापतात, जागच्या जागी सस्पेंड करा म्हणतात. डॉक्टर आंदोलनाला उतरले तेव्हा माफी आली. असल्या ठिकाणी शिकलेला माणूस टिकायचा कसा? त्यावर कोणी सह्या घेत नाही.

पेडण्याचो

सगळे मूळ मुद्दा सोडून बोलतात. गर्दी कुणाची आहे ते बघा! बांबोळीच्या पार्किंगमध्ये उभे राहा आणि गाड्यांचे नंबर वाचा. एमएच-07 सिंधुदुर्गातली, केए-22 बेळगावची, केए-30 कारवारची. आधी आपल्यांना खाटा द्या, मग पीपीपीची गरजच पडणार नाही. झाला तुमचा प्रश्न निकालात.

दोडामार्गातला भाचा

आलात शेवटी नंबरप्लेटवर. माझ्या आईचं माहेर साखळी, बायकोचं म्हापसा. गाडी एमएच-07. मी कोण?

2018 च्या जानेवारीपासून बांबोळीत बिगरगोमंतकीयांना फी लागली. आमच्याकडे आंदोलन झालं ते तुम्ही पेपरात वाचून हसलात. माझ्या धाकट्या भावाला सर्प डसला तेव्हा आमच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात औषधच नव्हतं. त्याला बांबोळीने वाचवलं आणि मी त्या डॉक्टरांचे पाय धरायला तयार आहे. म्हणून बोलतो. फी लावून गर्दी कमी झाली का? नाही ना? मग चूक आमची कशी?

पेडण्याचो

महाराष्ट्र एवढा मोठा, इस्पितळ का नाही बांधत? ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय ना आता? जा की तिथे. आमचा कर, आमच्या खाटा.

दोडामार्गातला भाचा

ओरोस आम्हाला बांबोळीपेक्षा लांब, नकाशा उघडा. आणि कराचं काढलंत तर तिळारीचं काढतो. धरण आमच्या तालुक्यात, गावं आमची बुडाली, आणि नळ तुमच्या पेडण्यात सुटतो. उद्या सकाळी तांब्या भरताना एमएच-07 आठवा.

पेडण्याचो

तिळारीचा मोठा खर्च गोव्याने दिलाय! फुकट पाणी कोण देतो? भाषण नको.

दोडामार्गातला भाचा

पैसे मोजले म्हणून पाणी तुमचं, आणि आम्ही फी मोजतो तरी खाट तुमचीच? वा! हा हिशेब कुठल्या शाळेतला? चवथीला मामाकडे येतो तेव्हा सीमेवर माटोळीची, गणपतीवर टांगायची, भाजी घेऊन थांबवत नाही कोणी, तेव्हा आम्ही आपले!

पेडण्याचो

माटोळी काढायची गरज नव्हती. रडारड करून मुद्दा जिंकता येत नाही.

निवृत्त सिस्टर

दोघेही थांबा. वॉर्डात रक्त चढवताना मी कधी नंबरप्लेट बघितली नाही. आणि पेडणेकर, तुमच्याच लक्षात येत नाही: बाहेरच्यांना फी लावली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. सरकारी खाटेला दर असू शकतो हे तेव्हाच आपल्या अंगवळणी पडलं. आता तोच दर दुसऱ्या नावाने आपल्या दारात आला की आपण सह्या घेतो.

पेडण्याचो

तो वेगळा विषय आहे.

दोडामार्गातला भाचा

अगदी तोच विषय आहे. पण सिस्टर म्हणाल्या म्हणून गप्प बसतो.

जुना म्हापसेकार

कोणालाच आठवत नाही का? म्हापशाचं नवीन जिल्हा इस्पितळ पेडे भागात उभं राहिलं तेव्हाही हेच घडलं होतं. 2011 च्या सुमारास ते खासगी कंपनीला द्यायचा घाट. तेव्हा मुख्यमंत्री मडगावचे दिगंबर कामत, आरोग्यमंत्री विश्वजित राणे, सरकार काँग्रेसचं. लोकांनी ओरड केली, 2012 ला सरकार बदललं आणि ते प्रकरण बाजूला पडलं. आता राणे परत आरोग्यमंत्री, कामत परत मंत्री, दोघेही भाजपात. माणसं तीच, योजना तीच, फक्त झेंडा धुवायला टाकलेला.

माझी मात्र एक तक्रार सासष्टीकरांकडे. तुमचा तो सह्यांचा कागद माझ्या पुतण्याने पाठवला. इंग्रजीत आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. मराठी कुठे आहे? सरकारने मसुदा मराठीत छापावा म्हणता आणि स्वतः? आम्हाला काय फक्त अंगठा उठवायला बोलावता?

सासष्टीकर

हा टोला बसला. कागद आमच्यातल्या एका पोराने बनवला, त्याला मराठी टायपिंग येत नाही. बहाणा आहे, कबूल.

कुडचडेतून

म्हापशाची गोष्ट मला माहीत नव्हती. पण तिच्यातून एक उलटही निघतं. खासगी आलं नाही, ठीक. मग त्या इस्पितळातून बांबोळीला रेफर होणं थांबलं का? तुम्ही दर वेळी काय नको ते सांगता. काय हवं त्याच्या सह्या कधी घेणार?

सासष्टीकर

कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे: सरकारी वैद्यकीय कॉलेज, रिकाम्या जागा भरा, रात्रीचे स्पेशालिस्ट. तुम्ही पहिलाच परिच्छेद वाचून शिंकलात.

कुडचडेतून

वाचलाच नाही, इंग्रजीत होता.

जुना म्हापसेकार

घ्या!

कुडचडेतून

सही करणार नाही. रात्रीच्या न्यूरो डॉक्टरची ओळ पहिल्या परिच्छेदात आणाल तर विचार करीन, आणि तो फक्त बाबांसाठी. पीपीपीबद्दल माझं मत आहे तेच आहे. मराठी मजकूर मला पाठवा, दुकानात प्रिंटर आहे. झेरॉक्सचे पैसे घेईन, मार्केट रेटने.

निवृत्त सिस्टर

त्यात 'कंत्राटी परिचारिका' हेही घाला. आणि 'रुग्णालय' लिहू नका, 'इस्पितळ' लिहा. मार्केटात भाजीवालीला तेच कळतं.

सासष्टीकर

रात्री टाईप करतो. शनिवारी पाऊस नसेल तर साडेनऊला. पेन सुतळीला आहे, कोणी आपलं आणलंत तर बरं.

पेडण्याचो

एमएच-07 वाल्यांची सही चालते काय?

दोडामार्गातला भाचा

मामाच्या पत्त्यावर करतो. तुम्ही साक्षीदार.