मदत हवी आहे: एनआयपीटी नॉर्मल, तरी पोटातलं पाणी का काढायचं?

प्राची_स:
काल सोनोग्राफीत बाळाच्या मांडीचं हाड छोटं निघालं. एनआयपीटी (माझ्या रक्तावरून बाळाची तपासणी) नॉर्मल आहे. तरी डॉक्टर पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासू म्हणतात. शुक्रवारी हो-नाही कळवायचंय. प्लीज लवकर सांगा.

गिरीश_नाशिक:
कितवा आठवडा? मापं टाका.

मीनामावशी:
नाचणीसत्त्व आणि डिंकाचे लाडू सुरू कर बाळा. कॅल्शियम कमी पडत असेल.

प्राची_स:
२१ आठवडे ३ दिवस. फीमर (मांडीचं हाड) २९ मिमी, पुढे १९ आठवडे छापलंय. डोकं, पोट बरोबर आहे.

सुनीता_का:
माझ्या मुलीचंही छोटं होतं. आम्ही दोघं बुटकी, तीही बुटकी, बाकी ठणठणीत. मी सुई घेतली नाही. गर्भ पडला तर?

लॅबवाली:
ती भीती खरी आहे, पण धोका शंभरात एकापेक्षा कमी. आणि सुनीताताई, तुमच्यावरून प्राचीचं ठरवता येणार नाही. मावशी, लाडवांनी हे हाड वाढत नाही हो. प्राची, एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातून चाळणी, मुख्यतः २१, १८, १३ या गुणसूत्रांची. हाडांचे बरेच आजार एका जनुकातल्या बदलाने होतात, ते तिच्यात दिसत नाहीत. छाती अरुंद आहे का? हाडं वाकलीत? आधीची बाळंतपणं?

प्राची_स:
छाती ठीक, हाडं सरळ. हे पहिलंच. त्याआधी दोनदा दहाव्या आठवड्यात पडलं होतं, पण त्याचा इथे काय संबंध?

लॅबवाली:
अगं, हे आधी सांगायचं! तुमच्यापैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असू शकतात. त्या माणसाला काही त्रास नसतो, पण बाळात तुकडा कमी-जास्त जातो. बाळाचं मायक्रोअ‍ॅरे (त्या पाण्यातल्या पेशींवरून गुणसूत्रांची बारीक तपासणी) ते पकडतं. आईबाबांची समतोल अदलाबदल त्यात दिसत नाही, त्यासाठी तुम्हा दोघांच्या रक्ताचं कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या गुणसूत्रांची पाहणी) हवं. जनुकातल्या एका अक्षराचा बदल मात्र मायक्रोअ‍ॅरेतही सुटतो, म्हणून उरलेला डीएनए जपून ठेवायला सांग. पुढे एक्झोम, म्हणजे जनुकांचं अक्षर-अक्षर वाचन, करता येतं.

गिरीश_नाशिक:
२४ आठवड्यांनंतर गर्भपाताचं ठरवायचं झालं तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मायक्रोअ‍ॅरेलाच दोनेक आठवडे जातात. शुक्रवारची वाट बघू नका.

सुनीता_का:
उगाच घाबरवताय तिला.

विकास७९:
खर्च किती येतो? मेडिक्लेममध्ये बसतं का?

प्राची_स:
फॉर्म समोर आहे. त्यावर फक्त 'फिश' लिहिलंय. हे पुरे का?

लॅबवाली:
नाही. फिश दोन-तीन दिवसांत येतं, पण मोजक्याच गुणसूत्रांचं. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन कर, मायक्रोअ‍ॅरेचं विचार आणि आधीचे दोन गर्भपात सांग.